नॅशनल फॉरेस्टमध्ये ‘कुठेही तंबू ठोका’ हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला आलात. जुलैअखेर आई-बाबा येताहेत. लेकीची चौथी नुकतीच संपली. माउंट रेनियर नॅशनल पार्कमधल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग उघडलं तसं संपलं. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, ‘‘नॅशनल फॉरेस्टमध्ये जा की. फुकट असतं, कुठेही तंबू ठोका.’’ हे खरं का, आणि राजगड-हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्या माणसांना त्यासाठी नवीन काही शिकावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, फक्त अर्धं सांगून सोडलंय. आणि सह्याद्रीत तयार झालेले पाय इथे कामाला येतात, सवयी मात्र आडव्या येतात. मी अठरा वर्षं इथल्या कॅस्केड डोंगरांत हिंडतोय, त्यातली अकरा वर्षं उन्हाळ्यातले काही शनिवार डोंगरवाटा दुरुस्त करण्यात जातात. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या बहिणी नव्हेत. घरंच वेगळी आहेत. पार्क सर्व्हिस इंटीरियर खात्याची, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची, तर फॉरेस्ट सर्व्हिस शेतीखात्याची. होय, शेतीखात्याची, गहू-मका बघणाऱ्या खात्याची. १९०५ साली ती सुरू झाली आणि तिचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो हा फ्रान्समध्ये वनशास्त्र शिकून आलेला माणूस. जंगल राखायचं ते काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या वापरता यावं म्हणून, अशी त्याची धारणा. १९६० च्या कायद्याने तो वापर नेमका लिहून टाकला: मनोरंजन, चराई, लाकूड, पाणी आणि वन्यजीव-मासे. या पाचांत तुमचा तंबू पहिल्या खान्यात येतो, पण बाकीचे चार भाडेकरूही त्याच वाड्यात राहतात. म्हणून वळणावर अचानक ओंडक्यांनी लादलेला ट्रक समोर येतो, पूर्वेकडच्या उतारांवर गाई चरताना दिसतात, आणि शरद ऋतूत शिकारी भेटतात. (ऑक्टोबरात जाणार असाल तर भडक केशरी जाकीट घाला, हे मी गमतीने म्हणत नाही.) स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स पास, माउंट बेकर ही स्की करायची ठिकाणंसुद्धा याच जंगलाच्या जमिनीवर, परवान्याने चालतात.

देशभरात अशी १५४ नॅशनल फॉरेस्ट आहेत. त्यांच्याखाली आणि गवताळ कुरणांखाली मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन येते, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. तुमच्या अंगणातलं माउंट बेकर-स्नोक्वाल्मी सुमारे १७ लाख एकरांचं आहे. कॅनडाच्या सीमेपासून रेनियरच्या वेशीपर्यंत ते १४० मैल पसरलंय. डोंगर ओलांडून पलीकडे गेलात की ओकानोगन-वेनाची लागतं, ते तर अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं. दक्षिणेला खुद्द पिंशोच्या नावाचं जंगल आहे, त्यातच १८ मे १९८० रोजी फुटलेला माउंट सेंट हेलेन्स. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की रेनियरचं बुकिंग हुकलं म्हणून हळहळत बसू नका. पार्क हा ताटातला गोडाचा पदार्थ आहे, जेवण बाहेरच आहे.

आता सवयींचं. सह्याद्रीत आपण ट्रेकला जातो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो आणि ती कधी मोजत नाही: पायथ्याला गाव असतं. वाट चुकली तर गुराखी पोरगं भेटतं. उशीर झाला तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकता येते, मावशी पिठलं-भाकरी करून घालतात, मुरगळलेल्या पायाच्या माणसाला गावातलीच चार माणसं उचलून खाली आणतात. आपलं धाडस असतं ते या जाळीच्या भरवशावरचं. इथे ती जाळी नाही. ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गाडी लावली की तिथून पुढे वाटेत ना वस्ती, ना टपरी, बहुतेक ठिकाणी फोनला रेंजसुद्धा नाही. माझ्या मते इथे येणाऱ्या मराठी ट्रेकर्सचे निम्मे घोटाळे या एका फरकातून होतात. दमसास असतो, पण बॅगेत टॉर्च नसतो. चढायची हौस असते, पण आपण कुठे चाललोय हे घरी कुणाला सांगितलेलं नसतं. तेव्हा कुठल्या वाटेने जाणार आणि रात्री किती वाजेपर्यंत परत येणार, एवढं कागदावर लिहून शेजाऱ्याला देऊन ठेवा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि गाडीची टाकी डोंगरापूर्वीच्या शेवटच्या गावात भरा.

पासचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. जमीन कुणाची, यावर पास ठरतो. वॉशिंग्टन राज्याच्या उद्यानांना आणि राज्याच्या जंगलांना डिस्कव्हर पास लागतो. तो फॉरेस्ट सर्व्हिसच्या ट्रेलहेडला चालत नाही. तिथे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, दिवसाचे ५ डॉलर किंवा वर्षाचे ३०, आणि तो गाडीमागे असतो, माणसामागे नाही. नॅशनल पार्कांतही जाणार असाल तर इथल्या रहिवाशांसाठी ८० डॉलरचा वार्षिक अमेरिका द ब्युटिफुल पास आहे, तो दोन्हीकडे चालतो. हिवाळ्यात बर्फात खेळायला काही पार्किंग जागांवर स्नो-पार्कचा आणखी वेगळा परवाना. पण फॉरेस्ट आणि नॅशनल पार्कांसाठी तुम्हाला यातला एकही पास या उन्हाळ्यात विकत घ्यायची गरज नाही! चौथीतल्या मुलांसाठी ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ नावाचा फुकट पास असतो. मूल बरोबर असलं की त्यावर सगळं कुटुंब जातं, आणि तो चौथीनंतरच्या उन्हाळ्यात ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. तंबूच्या जागेचं भाडं मात्र त्यात येत नाही.

आता मूळ मुद्दा: कुठेही तंबू. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, म्हणजे नेमून दिलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर, जंगलात मोकळ्यावर मुक्काम. फॉरेस्टच्या पुष्कळ भागांत त्याला खरंच परवानगी आहे, पैसे नाहीत, बुकिंग नाही, एका जागी साधारण १४ दिवसांपर्यंत राहता येतं. ‘कुठेही’ला मात्र अटी आहेत. ट्रेलहेडवर, सहलीच्या जागांवर आणि जिथे बंदीची पाटी आहे तिथे नाही. पाण्यापासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं. गाडी गवतात घुसवायची नाही. कुठल्या रस्त्यावर गाडी चालते हे दाखवणारा मोटर व्हेइकल यूज मॅप फॉरेस्ट सर्व्हिस फुकट देते, तोच कायदेशीर नकाशा धरायचा. आधी कुणी राहिल्याने सपाट झालेली जागा दिसली तर तीच वापरायची, नवीन हिरवळ तुडवायची नाही. आणि तिथे काहीही नसतं. नळ नाही, कचरापेटी नाही, संडास नाही. सहा ते आठ इंच खोल खड्डा, तोही पाण्यापासून सत्तर पावलं दूर, आणि कागद पिशवीत घालून परत घरी.

रस्त्यांविषयी एक बारकावा, जो पाटीकडे निरखून पाहिल्याशिवाय कळत नाही. फॉरेस्टच्या रस्त्यांना नावं नसतात, आकडे असतात. पाटीवर आकडा आडवा लिहिला असेल तर रस्ता साध्या मोटारीला चालण्याजोगा असतो. आकडा उभा, एकाखाली एक अंक असा असेल, तर तो उंच चाकांच्या गाड्यांसाठीचा. फोनमधल्या नकाशाला हे कळत नाही. तो दोन्हीवरून तितक्याच आनंदाने नेतो. मी एकदा त्याचं ऐकलं आणि उभ्या आकड्याच्या रस्त्यावर पाऊण मैल आत गेल्यावर पुढचा रस्ता ओढ्याने खाल्लेला सापडला. वळायला जागा नव्हती. बायको मागे चालत चालत हाताने खुणा करत होती आणि मी होंडा सिव्हिक रिव्हर्समध्ये बाहेर काढत होतो. त्या दिवशी ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं वाचल्यावर माझा सल्ला तुम्ही ओळखलाच असेल. आई-बाबांना घेऊन पहिल्याच रात्री डिस्पर्स्ड कॅम्पिंग नको. फॉरेस्ट सर्व्हिसचीच साधी कॅम्पग्राउंड्स आहेत: आय-९० महामार्गावर डेनी क्रीक, माउंटन लूप हायवेवर व्हर्लट आणि टर्लो. तंबूची सपाट जागा, लाकडी टेबल-बाकं, लोखंडी कड्याची चूल आणि बरेचदा खोल टाकीचा कोरडा संडास. फ्लश असेलच असं नाही, पाण्याचं भांडं आपलं आपण न्यायचं, आणि आईंना हे आधीच सांगायचं, तिथे गेल्यावर नाही. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर साधारण सहा महिने आधी उघडतं, तेव्हा जुलैचे शनिवार गेलेले असणार. पण रविवार ते गुरुवार बघा, आणि गुरुवारी रात्री रद्द झालेल्या जागा बघा. लोक आयत्या वेळी माघार घेतात. आई-बाबा सुट्टीवर आहेत, त्यांना मंगळवार काय आणि शनिवार काय. तुम्हाला मात्र एक दिवस रजा काढावी लागेल, ती काढा.

डिस्पर्स्ड कॅम्पिंग तुम्ही दोघं आणि लेक सप्टेंबरात करून बघा. तोवर डासही उतरलेले असतात. जुलैअखेर उंचावरच्या तळ्यांकाठी डासांचे ढग असतात, हे इथल्या सुंदर फोटोंत कधी दिसत नाही.

आता एक शब्द नीट समजून घ्या: विल्डरनेस. फॉरेस्टच्या आतच काही भाग १९६४ च्या कायद्याने विल्डरनेस म्हणून राखलेले आहेत आणि तिथले नियम एकदम कडक होतात. तुमच्या जवळचा अल्पाइन लेक्स हा त्यातलाच, १९७६ सालचा. तिथे आत शिरताना ट्रेलहेडच्या लाकडी पेटीतला फॉर्म भरायचा, एक भाग पेटीत टाकायचा, एक बरोबर ठेवायचा. पैसे नाहीत. सायकलसुद्धा चालत नाही, ड्रोन तर नाहीच. ठरावीक उंचीच्या वर शेकोटी कधीच नाही. आणि एका गटात जास्तीत जास्त १२ जण.

या बाराच्या नियमावर आपली मंडळी हमखास अडकतात. मीही अडकलो. पहिल्या वर्षी ओळखीतले बावीस जण मिळून निघालो होतो. पोह्यांचा डबा, मुलं, एक ढोलकीसुद्धा. वाटेवर एक रेंजरबाई भेटल्या, साठीच्या असतील. त्यांनी हसून विचारलं, ‘‘लग्न आहे का?’’ आणि मग तितक्याच शांतपणे दहा जणांना परत पाठवलं. आम्ही मनातल्या मनात चरफडलो. पुढे वाटांवर काम करायला लागल्यावर कळलं, की ओल्या वाटेवरून बावीस माणसं समोरून येणाऱ्याला जागा देत चालली की वाटेच्या दोन्ही कडा खचतात, आणि पुढच्या पावसात त्या खचलेल्या कडेवरून पाणी वाहून वाटेचा ओढा होतो. मोठा गट असेल तर विल्डरनेसच्या बाहेरची जागा निवडा. तशा भरपूर आहेत.

तिथल्या कामाबद्दल थोडं विषयांतर. विल्डरनेसमध्ये यंत्राला बंदी आहे, आणि ही बंदी वाटा दुरुस्त करणाऱ्यांनाही लागू. म्हणजे हिवाळी वादळात चार फूट जाडीचा डग्लस फर वाटेवर आडवा पडला तर तो चेनसॉने कापता येत नाही. दोन टोकांना दोन मुठी असलेली पाच-सहा फुटी करवत असते, ती दोघांनी चालवायची. पहिल्या दिवशी सगळे नवखे एकच चूक करतात: ओढतातही आणि ढकलतातही. ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. नियम एकच, आपण फक्त ओढायचं. परतीचं काम समोरच्याचं. ती लय जमली की करवत गाणं म्हणते, आणि खाचेतून भुशाऐवजी लांब लांब शेवया पडायला लागतात. हो, अगदी शेवया. भुसा पडत असेल तर धार गेली आहे असं समजायचं. दुसरं हत्यार पुलास्की: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. १९१० च्या महावणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या रेंजरच्या नावाने ते ओळखलं जातं. वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन असे कामाचे दिवस भरवते, अनुभव लागत नाही, डोक्यावर हिरवं हेल्मेट आणि हातात हत्यार देतात. पुढच्या वर्षी या. कुठलाही ट्रेक शिकवणार नाही इतकं जंगल त्या एका दिवसात कळतं.

वणव्यावरून आगीकडे येतो, आणि इथे मी सांगताना हात आखडता घेणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ पडत नाही. आपल्या डोक्यात जुलै म्हणजे चिंब, ओला, हिरवा. इथला जुलै म्हणजे काडी पेटायची वाट बघणारा. बहुतेक उन्हाळ्यांत शेकोटीबंदी लागते. बंदी असताना बंद करायची कळ असलेला गॅसचा स्टोव्ह साधारणपणे चालतो, पण लाकूड आणि कोळसा दोन्ही चालत नाहीत. म्हणजे कणसं भाजायची शेगडी घरीच. फटाके तर फॉरेस्टमध्ये बारा महिने बंद, चार जुलैलासुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये स्कायकोमिशजवळ बोल्ट क्रीकचा वणवा लागला, महामार्ग बंद झाला, सिअ‍ॅटलचं आकाश पिवळं पडलं. तो माणसाच्या हातून लागलेला होता.

बंदी नसेल आणि शेकोटी केलीत तर विझवायची पद्धत शिकून घ्या. आपण माती लोटतो आणि उठतो. माती आपल्याखाली निखारे तासन्‌तास जपून ठेवते, चुलीतला विस्तव आजी राखेखाली जपायची तसंच. इथे बादलीभर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग पालथा हात राखेजवळ नेत नेत शेवटी राखेला लावून बघायचा. हाताला ऊब लागली तर विझलेली नाही. हे काम लेकीला द्या, मुलं मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. लाकूड घरून नेऊ नका, जवळच्या गावात विकत घ्या; लाकडातून झाडं पोखरणारे किडे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात.

अस्वलाची भीती तुमच्या पत्रात तीनदा आली आहे. इथली अस्वलं काळी, बुजरी, आणि त्यांना तुमच्यात रस नाही, तुमच्या डब्यात आहे. लसणाची चटणी, मेतकूट, भाकरवडी यांचा वास आपल्याला येतो त्याच्या कितीतरी पट त्यांना येतो. तंबूत खाण्याची एकही गोष्ट नाही, टूथपेस्ट आणि खोकल्याच्या गोळ्यासुद्धा नाहीत. कॅम्पग्राउंडमध्ये सगळं गाडीत बंद किंवा लोखंडी पेटी असेल तर तिच्यात. आत रानात राहणार असाल तर कडक प्लास्टिकचा अस्वलडबा. आईंच्या पर्समध्ये प्रवासाचे दोन खडीसाखरेचे पुडे असतात, ते आठवणीने काढून घ्या. प्रत्यक्षात तुम्हाला छळणार आहेत त्या खारी आणि उंदीर. बॅगेच्या खिशात शेंगदाणे विसरलात तर सकाळी खिशाला भोक.

माझ्या मते अस्वलापेक्षा जास्त धोक्याच्या गोष्टी दोन, आणि दोन्ही दिसायला गोड. पहिली, उन्हाळ्यातलं बर्फ. स्नोक्वाल्मी खिंडीजवळच्या अल्पेंटलहून स्नो लेक या तळ्याला मी पहिल्यांदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो ते कॅनव्हासच्या बुटांत, कारण खाली ऊन होतं. वर वाट बर्फाखाली गाडलेली. घसरलो, सुदैवाने झुडपात अडकलो. दुसरी, माउंटन लूपवरच्या बिग फोर आइस केव्ह्‌ज. सोपी वाट, शेवटी डोंगराच्या पायथ्याशी बर्फाच्या निळसर गुहा. त्या गुहांच्या आत, तोंडाशी किंवा छतावर अजिबात जायचं नाही. २०१० मध्ये तिथे अकरा वर्षांची मुलगी गेली, २०१५ मध्ये पुन्हा बर्फ कोसळून माणसं दगावली. पाट्या आहेत, तरी दर उन्हाळ्यात लोक आत सेल्फी काढताना दिसतात आणि त्यांत आपली भाषा ऐकू आली की मला जास्त राग येतो.

आई-बाबांसाठी माझी पहिली पसंती माउंट बेकर हायवेचं शेवटचं टोक. पिक्चर लेकभोवती अर्ध्या मैलाची फरसबंद वाट आहे, व्हीलचेअर जाईल अशी, आणि पाण्यात माउंट शुक्सनचं प्रतिबिंब. तिथून गाडीने आणखी वर आर्टिस्ट पॉइंट, सुमारे ५,१०० फुटांवर. तो रस्ता बहुतेक वर्षी जुलैत उघडतो, कधी लवकर कधी उशिरा, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. बॉथेलहून अडीच तास. जुलैअखेर उजेड नऊपर्यंत असतो, त्यामुळे परतीची घाई नको. तुमच्या बाबांना महाबळेश्वरच्या पॉइंटांची आठवण येईल आणि ते विचारतील, ‘‘इथे चहा कुठे मिळतो?’’ थर्मास न्या.

त्याहून जवळचं हवं तर आय-९० च्या एक्झिट ४७ वरून फ्रँकलिन फॉल्स. जाऊन-येऊन दोनेक मैल, ओढ्याच्या काठाने, सावलीतून. ७० फुटी धबधबा आणि त्याच्यावर आकाशात लटकल्यासारखा हायवेचा पूल. शेवटच्या काही पावलांवरचे खडक ओले आणि निसरडे आहेत, तिथे आई-बाबांना वरच थांबवा. धबधबा तिथूनही दिसतो. शनिवारी अकराला गेलात तर पार्किंग मिळणार नाही. आठला जा. आणि ट्रेलहेडला गाडीत लॅपटॉप, पर्स, पासपोर्ट काही ठेवू नका. काचा फोडून चोऱ्या होतात, आणि पाहुण्यांचे पासपोर्ट गेले तर सगळी सुट्टी वकिलातीच्या रांगेत.

एन्चंटमेंट्सबद्दल, म्हणजे अल्पाइन लेक्स विल्डरनेसमधल्या उंचावरच्या तळ्यांच्या प्रसिद्ध भागाबद्दल विचारलंत. तिथल्या मुक्कामाच्या परमिटची सोडत फेब्रुवारीच्या मध्यापासून १ मार्चपर्यंत भरायची असते, या वर्षीची गेली. टेहळणीच्या जुन्या मनोऱ्यांवर रात्र काढायची कल्पना मात्र छान आहे. वणवा दिसतो का हे बघायला पूर्वी पहारेकरी तिथे राहायचे. आता हेब्रूकसारखे काही मनोरे भाड्याने मिळतात, तेही चालत चढून. तारखा क्षणात जातात, पण हिवाळ्यात बघत राहा.

ऑगस्टअखेर मात्र आई-बाबा असतीलच तर दक्षिणेला हकलबेरीसाठी जा. करवंदाच्या जाळीत हात घातलेल्या माणसाला हकलबेरी तोडायला शिकवावं लागत नाही. जांभळट, आंबटगोड, बोटं रंगवणारी, आणि काटेही नाहीत. पिंशो जंगलात घरी खाण्यापुरती तोडायला फुकट परवाना घ्यायचा, विकायला नाही. सॉटूथच्या बेरीमाळावर रस्त्याच्या एका बाजूचा भाग मूळनिवासी लोकांसाठी राखलेला आहे. १९३२ साली याकामा लोकांचा प्रमुख आणि जंगल अधिकारी यांनी हातात हात देऊन केलेला तो ठराव, आजही पाळला जातो. पाट्या बघून आपल्या बाजूला राहा. आई मुरांबा करतीलच.

ज्यांची मुलं या सप्टेंबरात चौथीत जाणार आहेत त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट: त्याच फुकट पासवर डिसेंबरात फॉरेस्टमधून स्वतः तोडून आणायच्या ख्रिसमस ट्रीचा परवानाही मिळतो, ऑनलाइन काढला तर किरकोळ शुल्क पडतं. तुमच्या लेकीची ती संधी हुकली, तिला सांगू नका.

निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: रस्ता उघडा आहे का, बर्फ कुठपर्यंत आहे, शेकोटीबंदी आहे का. माउंटन लूपसाठी व्हर्लट, बेकरसाठी ग्लेशियर, आय-९० साठी नॉर्थ बेंड. फोनवरचा माणूस बहुतेक वेळा त्याच आठवड्यात ती वाट चालून आलेला असतो. आणि लेकीचा पास आज रात्रीच काढून छापून गाडीत ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.